प्रोग्रामरची हत्यारे : कोड एडिटरांची तुलना

कोड एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहिण्याचे, वाचण्याचे आणि दुरुस्त करण्याचे सॉफ्टवेअर. प्रोग्रामरचा बहुतेक दिवस याच एका खिडकीसमोर जातो. त्यामुळे कोणता एडिटर सरस, हा वाद या व्यवसायात चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. वाद घालणारे बहुधा आपापल्या सवयीची बाजू घेतात. तुलना खरी व्हायची असेल, तर आधी कशाच्या आधारे करायची ते ठरवावे लागते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की प्रोग्रामर दिवसभर टाइप करत असतो आणि त्याची बोटे जितकी भरभर चालतील तितके काम लवकर होते. प्रत्यक्ष चित्र वेगळे आहे. ७८ व्यावसायिक डेव्हलपरांच्या तीन हजारांहून अधिक तासांच्या कामाची नोंद घेणाऱ्या एका अभ्यासात असे दिसले, की त्यांचा सरासरी ५८ टक्के वेळ आधीचा प्रोग्राम समजून घेण्यात जातो. हे फंक्शन कुठून बोलावले जाते, ही किंमत कुठे बदलली, या ओळीला हात लावला तर आणखी काय बिघडेल, अशा प्रश्नांची उत्तरे शोधण्यात दिवस सरतो. म्हणून एडिटरला दोन कसोट्या लावणे योग्य ठरते. प्रोग्राम समजून घ्यायला तो किती मदत करतो, ही पहिली. चूक घडली की ती किती लवकर दाखवतो, ही दुसरी. आजचे प्रमुख एडिटर या कसोट्यांवर कुठे उभे आहेत, हे त्यांच्या जन्मकथेतून चांगले उलगडते.

व्हीआय आणि व्हिम

युनिक्सवरचा सुरुवातीचा एडिटर म्हणजे केन थॉम्पसन यांनी १९६९च्या सुमारास लिहिलेला ‘एड’. तो कागदावर छापणाऱ्या टेलिप्रिंटरसाठी बनला होता. एका वेळी एका ओळीवर काम करायचे आणि आज्ञा चुकली तर उत्तरादाखल फक्त एक प्रश्नचिन्ह मिळायचे. पुढे पडद्याचे टर्मिनल आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत शिकणाऱ्या बिल जॉय यांनी १९७६मध्ये ‘एक्स’ नावाचा एडिटर लिहिला. त्यात संपूर्ण पडदाभर मजकूर दाखवण्याची जी सोय होती, तीच पुढे ‘व्हीआय’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

जॉय ज्या टर्मिनलवर काम करत, ते ३०० बॉडच्या मोडेमने जोडलेले होते. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरे. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा पुन्हा रंगवायला एक मिनिटाहून अधिक वेळ लागणार. अशा परिस्थितीत कमीत कमी कळा दाबून जास्तीत जास्त काम उरकणे भागच होते. त्या एडीएम-३ए टर्मिनलच्या कीबोर्डवर एच, जे, के आणि एल या कळांवर बाण छापलेले होते. व्हीआयमध्ये आजही कर्सर याच चार कळांनी हलतो.

व्हीआयची खरी ओळख म्हणजे त्याच्या दोन अवस्था. एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटते, दुसरीत तीच कळ आज्ञा बनते. आज्ञा एकमेकींना जोडता येतात. ‘डी’ म्हणजे पुसणे, ‘सी’ म्हणजे बदलणे, ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द. ‘डी’पाठोपाठ ‘डब्ल्यू’ दाबले की शब्द पुसला जातो. समजा, व्याज काढणाऱ्या फंक्शनच्या कंसात मुद्दल, दर आणि मुदत अशा तीन किमती लिहिल्या आहेत आणि तिन्ही बदलायच्या आहेत. व्हीआयचा सुधारित अवतार असलेल्या व्हिममध्ये कर्सर त्या कंसात कुठेही असला, तरी ‘सी’, ‘आय’ आणि कंसाची कळ दाबली की आतला सगळा मजकूर जातो आणि नवा लिहिण्यासाठी जागा तयार होते. पुढे दुसऱ्या ठिकाणी हाच बदल हवा असेल, तर तिथे जाऊन फक्त पूर्णविरामाची कळ दाबायची. हात कीबोर्डवरून हलत नाही.

व्हिम ब्रॅम मूलेनार यांनी १९९१मध्ये प्रसिद्ध केला आणि २०२३मध्ये निधन होईपर्यंत तेच त्याची देखरेख करत होते. २०१४मध्ये त्यातून ‘निओव्हिम’ ही वेगळी शाखा फुटली. व्हीआयचा समावेश युनिक्सच्या पॉझिक्स या मानकात असल्याने तो किंवा त्याचा एखादा वंशज बहुतेक लिनक्स सर्व्हरवर सापडतो. दूरच्या सर्व्हरवर मध्यरात्री बिघाड झाला आणि हाताशी फक्त टर्मिनल असले, तरी व्हीआय कामाला येतो.

याची किंमत शिकण्यात मोजावी लागते. व्हिममधून बाहेर कसे पडायचे, हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचा प्रश्न २०१७पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. सवय जडायला काही आठवडे जातात. आणि मुळातला व्हीआय प्रोग्रामकडे केवळ मजकूर म्हणून पाहतो. अक्षरे, शब्द, ओळी आणि कंस त्याला कळतात, पण फंक्शन म्हणजे काय ते कळत नाही. मजकूर बदलण्यात तो अत्यंत चपळ आहे, मात्र आपण ठरवलेल्या दोन्ही कसोट्यांवर, मूळ रूपात, तो फार पुढे जात नाही.

ईमॅक्स

व्हीआयच्या जोडीने नाव घेतले जाते ते ईमॅक्सचे. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७६मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी गाय स्टील यांच्या साथीने त्याचा पहिला अवतार घडवला. आज वापरात असलेला ग्नू ईमॅक्स १९८५मध्ये आला. त्याचा गाभा सी भाषेत आहे, पण वरचा बहुतेक डोलारा लिस्पच्या एका बोलीत लिहिलेला आहे आणि तो वापरणाऱ्याला चालू एडिटरमध्येच बदलता येतो. एखादी कळ काय करते हे पसंत नसेल, तर तिच्यामागचे फंक्शन उघडायचे, दुरुस्त करायचे आणि लगेच वापरू लागायचे.

या मोकळिकीमुळे ईमॅक्समध्ये ईमेल वाचणे, टिपणे आणि कामांच्या याद्या ठेवणे, गिटने कोडच्या आवृत्त्या सांभाळणे अशी कामे एकाच खिडकीत करणारी मंडळी आहेत. टिपणांसाठीचा ‘ऑर्ग मोड’ आणि गिटसाठीचा ‘मॅगिट’ यांच्यापायी कित्येक जण ईमॅक्स सोडायला तयार नसतात. दुसरी बाजू अशी, की स्वतःला हवा तसा घडवलेला ईमॅक्स स्वतःलाच सांभाळावा लागतो. त्याची मांडणी जुळवण्यात आणि दुरुस्त करण्यात वेळ जातो. ज्याला हत्यार घडवण्याची आवड आहे त्याला हा वेळ सार्थकी लागल्यासारखा वाटतो, इतरांना तो खर्चच वाटतो.

एकाच छताखाली सगळे काम

चूक लवकर कळावी या दिशेने मोठी उडी घेतली ती बोरलँड कंपनीच्या टर्बो पास्कलने. त्याआधी छोट्या संगणकांवर एडिटर, कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपाइलर आणि त्याचे तुकडे जोडणारा लिंकर हे वेगवेगळे प्रोग्राम असत. कोड लिहायचा, जतन करायचा, एडिटर बंद करायचा, कंपाइलर चालवायचा, चुकांची यादी वाचायची आणि पुन्हा एडिटर उघडून ती ओळ शोधायची. फ्लॉपीवर चालणाऱ्या यंत्रांत या फेरीला काही मिनिटे सहज लागत.

नोव्हेंबर १९८३मध्ये आलेल्या टर्बो पास्कलने एडिटर आणि कंपाइलर एकाच लहानशा प्रोग्रामात बसवले. त्याचा कंपाइलर अँडर्स हेल्सबर्ग यांनी लिहिला होता. कंपाइल करण्याचे काम थेट मेमरीत होई आणि चूक सापडताच कर्सर त्या जागी जाऊन थांबे. मिनिटांची फेरी सेकंदांवर आली. किंमत होती ४९.९५ डॉलर, तेव्हाच्या अन्य कंपाइलरांच्या मानाने फारच कमी. याच घराण्यातले टर्बो सी १९८७मध्ये आले. त्याची आणि पुढच्या टर्बो सी++ची निळी खिडकी महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि संगणक-वर्गांच्या प्रयोगशाळांत कित्येक वर्षे पहिला धडा देत राहिली.

लिहिणे, कंपाइल करणे, चालवणे आणि चुका शोधणे एकाच जागी आणणाऱ्या अशा सॉफ्टवेअरला आयडीई म्हणतात. त्यातला डीबगर फार मोलाचा. प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवता येतो, त्या क्षणी प्रत्येक व्हेरिएबलमध्ये काय आहे ते पाहता येते आणि मग एकेक ओळ पुढे सरकता येते. नवख्याची रीत म्हणजे जागोजागी किंमत छापणाऱ्या ओळी घालून पाहणे. छोट्या प्रोग्रामात ती चालते. हजारो ओळींच्या प्रोग्रामात दर वेळी नवा अंदाज बांधून पुन्हा सगळे चालवावे लागते आणि तिथे डीबगर तासन्‌तास वाचवतो.

कोडचा अर्थ समजणारे एडिटर

२००१ साली दोन आयडीई पुढे आल्या. प्रागमध्ये सुरू झालेल्या जेटब्रेन्स कंपनीची इंटेलिजे आयडिया जानेवारीत आली. आयबीएमने घडवलेली एक्लिप्स नोव्हेंबरमध्ये मुक्त स्रोत म्हणून खुली झाली. दोन्हींचा भर जावा या भाषेवर होता आणि दोन्हींचे बळ एकाच गोष्टीत होते. प्रकल्पातल्या प्रत्येक फाइलचे व्याकरण उलगडून कोणते नाव कशाशी जोडलेले आहे याची सूची त्या मनाशी तयार ठेवत.

याचा उपयोग एका उदाहरणातून स्पष्ट होतो. एखाद्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्जाचा व्याजदर काढणाऱ्या फंक्शनचे नाव ‘रेट’ आहे आणि ते बदलून ‘कर्जरेट’ करायचे आहे. साध्या एडिटरमध्ये शोधा-आणि-बदला ही आज्ञा दिली, तर ठेवींच्या दराचे ‘रेट’ही बदलेल, ‘सेपरेट’ या नावाच्या पोटातलेही बदलेल आणि ग्राहकाला दिसणाऱ्या संदेशातलेही. मग प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासणे आले. अर्थ जाणणाऱ्या आयडीईत त्या फंक्शनवर कर्सर ठेवून नाव बदला म्हटले, की ज्या ज्या फाइलींत नेमके तेच फंक्शन बोलावले आहे, तेवढ्याच जागा बदलतात. ठेवींचा ‘रेट’ जिथल्या तिथे राहतो.

असे बदल निर्धास्तपणे करता आले की माणूस जुन्या कोडची साफसफाई टाळत नाही. फंक्शन कुठे लिहिले आहे तिथे एका कळीत जाणे, ते कुठे कुठे वापरले आहे त्याची यादी मिळवणे, चुकीच्या प्रकारची किंमत दिली की टाइप करतानाच लाल रेघ उमटणे, या सोयींमुळे दोन्ही कसोट्यांवर आयडीई पुढे सरकली. मात्र तिचे हे ज्ञान भाषेवरही अवलंबून असते. जावासारख्या भाषेत प्रत्येक किमतीचा प्रकार प्रोग्राम चालण्याआधीच ठरतो, म्हणून तिथे आयडीई खात्रीने बोलते. पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये काही गोष्टी प्रोग्राम चालू झाल्यावरच ठरतात. तिथे तिला बऱ्याचदा अंदाज करावा लागतो.

या ज्ञानाची किंमत मेमरीत आणि वेळेत मोजावी लागते. मोठा प्रकल्प पहिल्यांदा उघडला की सूची तयार होईपर्यंत थांबावे लागते आणि आयडीई काही जीबी रॅम सहज खाते. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझर आणि अँड्रॉइडचा इम्युलेटर सोबत चालवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हा भार चांगलाच जाणवतो.

व्हीएस कोड आणि भाषांचे सर्व्हर

हलका एडिटर की जाणकार आयडीई, ही निवड २०१५ नंतर तितकी कठोर राहिली नाही. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ कोड जाहीर केला. त्याच्या बांधणीचे नेतृत्व एरिख गामा यांच्याकडे होते. एक्लिप्सची जावासाठीची साधने घडवण्यातही त्यांचाच पुढाकार होता. व्हीएस कोड ज्या टाइपस्क्रिप्ट भाषेत लिहिला आहे, तिच्या रचनेत टर्बो पास्कलवाले हेल्सबर्ग प्रमुख आहेत. दोन जुन्या आयडीईंचा अनुभव अशा रीतीने एका नव्या एडिटरच्या पायाशी आला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट २०१६मध्ये घडली. मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडएन्व्ही या कंपन्यांनी ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ म्हणजे एलएसपी नावाचे मानक पुढे आणले. तोवर प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागे. दहा एडिटर आणि वीस भाषा असतील, तर दोनशे जोडण्या. एलएसपीत भाषेचे ज्ञान एका स्वतंत्र प्रोग्रामात ठेवले जाते. एडिटर त्याला ठरलेल्या पद्धतीने विचारतो, की या जागी असलेले नाव कुठे लिहिले आहे किंवा या फाइलीत काय चुकले आहे. मग दहा एडिटर आणि वीस सर्व्हर मिळून तीस प्रोग्राम पुरतात.

याचा लाभ सगळ्यांना झाला. निओव्हिमने २०२१मध्ये आणि ईमॅक्सने २०२३मध्ये एलएसपीची सोय मूळ पॅकेजमध्येच घेतली. त्यामुळे व्हिमच्या कळा आणि आयडीईची समज एकत्र मिळू लागली. उलट, व्हीएस कोड आणि इंटेलिजे यांच्यात व्हिमच्या कळा आणणारे प्लगइन आहेतच. जुन्या वादातले दोन्ही पक्ष एकमेकांचे गुण घेऊन बसले आहेत.

स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२३ आणि २०२४च्या पाहणीत सुमारे पाऊणशे टक्के डेव्हलपरांनी व्हीएस कोड वापरत असल्याचे सांगितले. तो फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, दूरच्या सर्व्हरवरच्या फाइली जणू आपल्याच संगणकावर असल्यासारख्या उघडतो आणि जवळजवळ प्रत्येक भाषेसाठी त्याला एक्स्टेन्शन मिळते. दुबळ्या बाजूही आहेत. तो ब्राउझरच्या इंजिनावर उभा असल्याने व्हिमच्या मानाने बरीच जास्त मेमरी घेतो. एक्स्टेन्शन कोण लिहिते आणि ते संगणकावर काय करते, याकडे लक्ष ठेवावे लागते. त्याचा मूळ कोड मुक्त आहे, पण मायक्रोसॉफ्ट जो तयार प्रोग्राम वाटते त्याचा परवाना वेगळा आहे. ही अट नको असणारे ‘व्हीएसकोडियम’ वापरतात.

मराठीत काम करताना

मराठी वेबसाइट, ॲप किंवा टंकांशी संबंधित काम करणाऱ्यांना आणखी एक फरक जाणवतो. टर्मिनलचा पडदा चौकटींत विभागलेला असतो आणि प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट मिळते. रोमन लिपीला हे सोयीचे आहे. देवनागरीत ‘क्षि’ हे वाचकाला एक अक्षर दिसते, पण युनिकोडमध्ये ते क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार चिन्हांचे बनते. त्यामुळे टर्मिनलमधल्या व्हिममध्ये जोडाक्षरे तुटतात किंवा कर्सर भलत्याच जागी दिसतो. किती बिघडते ते त्या टर्मिनलवर अवलंबून असते. व्हीएस कोड ब्राउझरचेच इंजिन वापरत असल्याने त्याच्या एडिटरच्या खिडकीत देवनागरी नीट जुळते. ईमॅक्सला २०२० सालच्या २७व्या आवृत्तीपासून हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीची साथ मिळाली. मराठी मजकुराच्या फाइली रोज हाताळायच्या असतील, तर एडिटर निवडण्यापूर्वी एक परिच्छेद जोडाक्षरांसकट लिहून, पुसून आणि शोधून पाहावा.

एआय सहायक

२०२१च्या जूनमध्ये गिटहब कोपायलट चाचणीसाठी उपलब्ध झाला आणि वर्षभराने सर्वांसाठी खुला झाला. एखाद्या फंक्शनचे नाव आणि त्यावरची टीप वाचून तो आतला कोड सुचवतो. त्यानंतर व्हीएस कोडवरच बेतलेला ‘कर्सर’ नावाचा एडिटर आणि टर्मिनलमधून चालणारे अनेक सहायक आले. आता फक्त ओळ पुरी करण्यावर न थांबता, काम सांगितले की हे सहायक अनेक फाइलींत बदल करतात, चाचण्या चालवतात आणि चुकले तर पुन्हा प्रयत्न करतात.

त्यांच्यामुळे कामाचा वेग वाढतो का, या प्रश्नाला दोन अभ्यासांनी दोन उत्तरे दिली आहेत. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रामरांना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा वेब सर्व्हर लिहायला सांगितले. कोपायलट वापरणाऱ्यांना सरासरी ७१ मिनिटे लागली, न वापरणाऱ्यांना १६१. हा प्रयोग करणाऱ्यांत मायक्रोसॉफ्ट आणि गिटहबचे संशोधक होते. २०२५मध्ये मेटर या संस्थेने १६ अनुभवी डेव्हलपरांकडून त्यांच्याच परिचयाच्या मोठ्या मुक्त-स्रोत प्रकल्पांतली २४६ कामे करवून घेतली. काही कामांत एआय वापरण्याची मुभा होती, काहींत नव्हती. मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावरही त्या डेव्हलपरांना आपण २० टक्के अधिक वेगाने काम केले असे वाटत होते.

दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. पहिल्या प्रयोगात पाटी कोरी होती आणि काम ठरीव स्वरूपाचे होते. दुसऱ्यात लाखो ओळींचा जुना कोड होता आणि त्यातले बारकावे ठाऊक असलेली माणसे होती. सहायकाने लिहिलेले वाचून, तपासून आणि दुरुस्त करून घेण्यात त्यांचा वेळ गेला. ही साधने झपाट्याने बदलत असल्याने आकडेही बदलतील. पण दुसऱ्या अभ्यासातला एक धडा टिकणारा आहे. आपला वेग वाढला ही भावना पुरावा म्हणून चालत नाही. आणि कोड लिहिणे स्वस्त होते तेव्हा तो वाचण्याचे, समजून घेण्याचे ओझे कमी होत नाही, उलट वाढते. म्हणजे चूक लवकर दाखवणारा कंपाइलर, चाचण्या आणि डीबगर यांची गरज एआयच्या काळात अधिकच आहे.

निवड कशी करावी

काही निवडी कामच ठरवते. अँड्रॉइडसाठी इंटेलिजेवर उभा असलेला अँड्रॉइड स्टुडिओ आणि आयफोनसाठी ॲपलचा एक्सकोड, यांना वळसा घालण्यात शहाणपण नाही. जावाच्या मोठ्या व्यावसायिक प्रकल्पात इंटेलिजेची समज तिच्या मेमरीच्या भुकेची भरपाई करते. वेबसाइट, पायथन किंवा एकाच वेळी अनेक भाषा हाताळणाऱ्याला व्हीएस कोड सोयीचा पडतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याला व्हिमच्या मूलभूत आज्ञा यायलाच हव्यात, मग त्याचा रोजचा एडिटर कोणताही असो. आपल्या कामाची रीत स्वतः घडवायची ज्याला ओढ आहे, त्याला ईमॅक्ससारखा दुसरा सोबती नाही.

शिकाऊ माणसाने डीबगर आणि अर्थावर आधारलेला शोध असलेला एक एडिटर घ्यावा आणि तो वर्षभर बदलू नये. नव्या एडिटरची मांडणी करण्यात आठवडा गेला, तर तो आठवडा प्रोग्राम शिकण्यातून वजा होतो. चार गोष्टी मात्र सुरुवातीलाच अंगवळणी पाडाव्यात. फंक्शनच्या मूळ जागी जाणे, त्याचे सगळे वापर शोधणे, नाव सुरक्षितपणे बदलणे आणि डीबगरमध्ये प्रोग्राम थांबवणे. या चारही गोष्टी आजच्या प्रत्येक चांगल्या एडिटरमध्ये आहेत, फक्त कळा वेगळ्या आहेत.

कार्यसंघाने साधन बदलायचे ठरवले, तर आधी आणि नंतर मोजावे. एक ओळ बदलल्यापासून तिचा परिणाम दिसेपर्यंत किती वेळ जातो, नोंदवलेला दोष सापडायला किती तास लागतात, नवीन आलेल्या माणसाचा पहिला बदल स्वीकारला जायला किती दिवस जातात. हे आकडे कमी झाले तर नवे साधन कामाचे आहे. ते जसेच्या तसे राहिले, तर सोयींची यादी कितीही लांबलचक असली तरी बदलाचा लाभ झाला असे म्हणता येत नाही.